गरम लागलं तर

"डॉक्टर, लेझरनं दात आतून शिजतो का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिनं खुर्चीत बसल्या बसल्या विचारून टाकलं. बाबांनी कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत.

"शिजत नाही, पण फार तापला तर आतली नस मरू शकते. म्हणून मी पाण्याचा फवारा मारत, थांबत थांबत कीड काढते. दात मुद्दाम बधिर केलेला नाही. जरा जरी गरम लागलं, तर हात वर कर. मी लगेच थांबेन."

तिची सगळी ऐट तिथंच उतरली. आ वासलेल्या तोंडात यंत्र टकटकायला लागलं. लेकीचा उतरलेला चेहरा बघून आईनं तिचा डावा हात धरला, बाबांनी उजवा.

दातात आधी ऊब आली, मग चटका. तिनं डावा हात ओढला.

"घाबरायचं नाही हं, पिल्लू," म्हणत आईनं तो आणखी घट्ट धरला.

तिनं उजवा ओढला.

"झालंच बघ. वाघीण ना तू माझी?" बाबांनी तो छातीशीच दाबून धरला.

चटका थेट कानापर्यंत गेला. शेवटी तिनं जिवाच्या आकांतानं लाथ झाडली. ट्रे खणखणत खाली पडला आणि डॉक्टरीणबाई दचकून थांबल्या.

 

चूळ भरून तिनं आईबाबांना सांगितलं, "पुढच्या वेळी तुम्ही दोघं बाहेर बसायचं. माझे हात मला लागतात."