एकच गाणं

तुर्भ्याच्या कारखान्यातले फिटर लिंबाजी दरवर्षी भीमजयंतीच्या मिरवणुकीत ट्रम्पेट वाजवायचे. पण मधुमेह बळावला, हिरड्यांतून पू येऊ लागला आणि पुढचे दात खिळखिळे झाले. ट्रम्पेट ओठांना टेकवलं की डोळ्यांत पाणी यायचं. दोन जयंत्या कोरड्या गेल्या. वाशीच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काका, आधी साखर उतरवा, तरच हिरड्या दात धरतील.” लिंबाजींनी गोड चहा सोडला, एक गोळी चुकवली नाही. बाईंनी चार खेपांत हिरड्यांखालचं किटण खरवडून काढलं. जयंतीआधी त्यांनी दात तपासले. “एकच गाणं वाजवा. जोर दिलात तर दात हातात येतील.” मिरवणुकीत लिंबाजींनी एकच वाजवलं. “आनखी एक घ्या की,” बायको म्हणाली. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं, ट्रम्पेट दुसऱ्याकडे दिलं. मागून चालताना प्रत्येक गाण्याला त्यांची तीन बोटं, ट्रम्पेटच्या तीन कळांवर असावीत तशी, मांडीवर सूर दाबत राहिली.