खांबाला आधार

“त्याला मात्र कळता कामा नये,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

कडकने मान हलवली. वडिलांचं इस्त्रीचं दुकान असल्यामुळे तिच्या बाह्यांवरची घडी दिवसभर मोडत नसे, म्हणून वर्गाने तिला हे नाव दिलं होतं. तिच्यावर सोपवलेल्या मुलाचं नाव खांब. दारातून आत येताना तो वाकायचा आणि वर्गात बोलताना त्याहून जास्त वाकायचा. खाणकामगाराचा मुलगा. घरची भाषा वेगळी, त्यामुळे त्याने तोंड उघडलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. पहिल्या सत्रात त्याचं संख्याशास्त्र राहिलं होतं. पुन्हा राहिलं तर तो घरी जाणार आणि बापाबरोबर खाणीत उतरणार, हे ठरल्यासारखंच होतं.

ग्रंथालयामागच्या खोलीवर आधी ‘मदत कक्ष’ अशी पाटी होती. वर्षभर तिथे चिटपाखरू फिरकलं नाही. ज्यांच्यासाठी ती खोली होती, ते पाटी वाचून, चुकून आल्यासारखं दाखवत पुढे निघून जायचे. बाईंनी शेवटी पाटी उतरवली आणि आत टेबल-खुर्च्या मांडल्या.

“मदत करते म्हणालीस तर तो उठून जाईल,” त्यांनी बजावलं. “तुलाच येत नाही असं दाखव.”

हे कडकला जमण्यासारखं होतं. वर्गात हात वर करायचा तिला धीर होत नसे. सरांच्या शर्टाची कॉलर आतून कुठे विरली आहे हे तिला ठाऊक होतं, पण त्यांना प्रश्न कसा विचारायचा हे ठाऊक नव्हतं.

पहिल्याच दिवशी तिने पुस्तक पुढे सरकवलं आणि मध्यक म्हणजे काय ते सांग म्हणाली. खांबाने पान निरखून पाहिलं आणि हे तर आपण तिलाच विचारणार होतो असं सांगितलं. त्याचा प्रामाणिकपणा तिला आवडला. मग दोघांनी मिळून शोधलं. पुढे हाच शिरस्ता पडला. नेमकं कुठे अडायचं ते ठरवून ती घरून वाचून यायची, आणि तिच्या अडण्याला धरून तो पुढे सरकायचा. आकडे तो आईच्या भाषेत पुटपुटत मोजायचा. हळूहळू तीही तसंच मोजू लागली आणि दोघांची बेरीज एकाच जागी चुकू लागली.

त्याच्या खोडी तिने पत्करल्या होत्या. संख्याशास्त्राने डोकं तापलं की त्याला मध्येच अर्थशास्त्र लागायचं. डोळे चुरचुरतात, तू मोठ्याने वाच, म्हणायचा. मग प्रत्येक परिच्छेदाला थांबवून, म्हणजे काय, म्हणजे काय. तिचा स्वतःचा अर्थशास्त्राचा पेपर मागच्या खेपेला काठावर निघाला होता, पण या बावळटाला सांगताना तिला सगळं सुचायचं. आई डबा जास्तच भरते असं म्हणून ती त्याला अर्धा डबा द्यायची. वसतिगृहातली केळी उद्या काळी पडतील असं म्हणून तो ती तिच्यापुढे ठेवायचा.

परीक्षा तोंडावर आली आणि कडकच्या वडिलांचं, अण्णांचं, मनगट मोडलं. ती दुकानात उभी राहिली. वह्या तिने वरच्या फळीवर, कोणी न नेलेल्या कपड्यांशेजारी ठेवून दिल्या. खांबाची काळजी वाटायची, पण ढीग काही संपत नव्हते.

एका दुपारी तोच दुकानासमोर उभा. खांद्यावर पत्र्याची पेटी.

“संध्याकाळची बस आहे. सांगून जावं म्हटलं.”

“आणि परीक्षा?”

“तू येत नाहीस. एकट्याने अडून बसायला मजा येत नाही.”

तिने इस्त्री उभी केली. “इतके दिवस डोकेफोड केली ती काय बस पकडायला?”

अण्णा गळ्यात हात अडकवून बाहेर आले. त्यांनी पेटीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, मग मुलीच्या चेहऱ्याकडे.

“जा, याला पोचवून ये.”

“स्टँडवर?”

“कॉलेजात. आणि तूही तिथेच बस. सकाळी थोडा वेळ हात लावलास तरी पुरे. बाकीचं तुझी आई आणि माझा डावा हात बघून घेतील. लोकांनी चार दिवस चुरगळलेलं घातलं तर काही बिघडत नाही.”

कडकने पेटीची एक कडी धरली आणि तिचा खांदाच खाली आला.

“दगड भरलेस की काय यात?”

“आमच्याकडे तेच पिकतं,” खांब म्हणाला.

निकालाच्या दिवशी ती धावतच ग्रंथालयात आली. खांब संख्याशास्त्रात सुटला होता, खाण टळली होती. बाईंनी तिचा निकाल विचारला तेव्हा तिने नुसता हात उडवला. तीही सगळ्या विषयांत निघाली होती, अर्थशास्त्रात तर चक्क पहिल्या वर्गात. पुढच्या वर्षी नाव घालणार ना, असं बाईंनी विचारलं. घालावंच लागेल, ती म्हणाली, आपण जरा नजरेआड झालो की तो बस धरतो. शेवटपर्यंत त्याला पत्ता लागू दिला नाही, हे तिने दोनदा सांगितलं आणि ती गेली.

बाईंनी चष्मा पुसला. तेवढ्यात दारात खांब वाकला. खांद्यावरची पेटी त्याने टेबलाखाली सरकवली आणि घाम पुसत उभा राहिला.

“पेटीत वजनाला भरलेली तुमची जुनी मासिकं परत आणलीत, बाई. कडक आता शिकणं सोडत नाही. आणि तिला सांभाळायला तुम्ही मला बसवलंय, हे तिला अजून कळलेलं नाही.”