सुईवर अडकलेली कार्डं

चुडामणने गठ्ठ्यातल्या भोकातून सुई आरपार घातली, दोन्ही टोकांनी उचलली आणि हलवली. एकशे चाळीस कार्डांतली तीन कार्डं टेबलावर पडली.

"अजून हलव," अन्वरभाई म्हणाले.

त्याने हलवली. टेबलावरची धूळ उडाली, पण चौथं कार्ड काही पडलं नाही.

अन्वरभाईंचं धुळ्यात, आग्रा रोडवर, विहिरीवर बसवायच्या विजेच्या मोटारींचं दुकान होतं. चुडामण त्यांचा विक्रेता. कार्डांची पेटी कंपनीने पाठवली होती. एका शेतकऱ्याचं एक कार्ड. कार्डाच्या कडेला ओळीने भोकं, आणि एकेक भोक म्हणजे एकेक प्रश्न. विहिरीला पाणी आहे का? शेतात विजेचा खांब आला का? मोटर अजून घ्यायची आहे का? उत्तर 'हो' असलं की त्या भोकाची कड कात्रीने कापायची. मग सगळा गठ्ठा सारखा करून हव्या त्या भोकातून सुई घालायची आणि उचलायची. कड कापलेली कार्डं खाली पडतात, बाकीची सुईवर लटकून राहतात. आज सुई मोटर घ्यायच्या प्रश्नाच्या भोकात होती; पडली ती गिऱ्हाइकं. उगाच दारोदार हिंडायला नको. कंपनीची सुई पहिल्याच आठवड्यात हरवली, म्हणून अन्वरभाईंनी घरून बायकोची, हसीनाबीची, स्वेटर विणायची सुई आणली होती.

"अखाजीच्या सणाला वीस दिवस राहिले," अन्वरभाई म्हणाले. "तोवर दहा मोटारी खपल्या नाहीत तर एजन्सी समोरच्या दुकानाला जाते. मग चुडामणभाऊ, आपण दोघं बसू स्वेटर विणत."

सोनगीरच्या आसपासची गावं चुडामणने पंधरा दिवस सायकलने पालथी घातली होती. कंपनीचा हुकूमच होता, की पहिल्या भेटीत विक्रीचं नाव काढायचं नाही, नुसती माहिती विचारायची. त्याने तसंच केलं होतं. पांढरी टोपी नीट बसवायची, ओट्यावर टेकायचं आणि गोडीने विचारायचं. जमीन किती? विहीर स्वतःची की वाट्याची? मोटर आहे का? घरात माणसं किती, कोण केवढं? लोकांनी त्याचं कौतुकच केलं. कपबशीतून चहा आला. एका घरी शेवया झाल्या. अभिमन नानांनी तर मुलाला नवा शर्ट घालून समोर आणून बसवलं. कंपनीच्या कार्डांचा केवढा मान, असं चुडामणला वाटलं होतं. आणि मोटर? ती जवळजवळ प्रत्येकाकडे होती.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळी कार्डं पिशवीत घातली आणि पडलेल्या तीन कार्डांपैकी पहिल्याचं घर गाठलं. घर भागाबाईचं होतं. म्हातारी ओट्यावर तूर पाखडत होती.

"आक्का, सगळ्या गावाकडे मोटर आहे. तुमच्याकडेच कशी नाही?"

भागाबाईने सूप खाली ठेवलं. "कोन्हाकडे शे? कान देऊन ऐक ना."

चुडामणने कान दिला. शिवारात जिकडेतिकडे जुनी तेलाची इंजिनं धडधडत होती. विजेची मोटर अशी धडधडत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"मग लोक खोटं का बोलले?"

"तू जमीन इचारस, हीर इचारस, पोऱ्याचं वय इचारस. बठ्ठा गावले वाटनं, पोरगीना बाप सोयरीक पाहाले उना." म्हातारी हसली. "माले पोऱ्याच नही, मंग मी कसाले खोटं सांगू?"

चुडामणने पिशवीतून, पडलेल्या तिनांतली उरलेली दोन कार्डं काढली. एका घरात मुली होत्या, दुसऱ्यात नवराबायको दोघंच. लग्नाचा मुलगा तिन्ही घरांत नव्हता.

तो सायकल हातात धरून गल्लीतून निघाला. सुईवर अडकलेली ती एकशे सदतीस घरं, त्यांनाच मोटर हवी होती. पण 'आमच्याकडे आहे' म्हणून छातीठोक सांगणाऱ्याला तीच वस्तू विकायची कशी? तुम्ही खोटं बोललात असं म्हणावं, तर माणूस वहाण काढणार. आणि अभिमन नानांची वहाण चांगली जाडजूड होती.

तरी तो आधी नानांकडेच गेला. बोलायचं तर सगळ्यात भारी माणसाशी. नानांनी त्याला पाहताच आत चहाची हाळी दिली.

"नाना, चहा नको," चुडामण म्हणाला. "मला मुलगी नाही. मी सोयरीक बघायला आलोच नव्हतो. मी विहिरीवरच्या मोटारी विकतो."

आतून येणारी कपबशी उंबऱ्यातच थांबली. लांब कुठेतरी इंजिन धडधडत होतं, आणि ते कुणाचं हे ओट्यावर दोघांनाही ठाऊक होतं.

"मन्हा कार्डवर काय लिखं तू?" नानांनी हळूच विचारलं.

चुडामणने कार्ड शोधून वाचलं. "बागायत सात एकर. विहीर स्वतःची. मोटर आहे, पाच हॉर्सपॉवर."

"गुरुवारले पिंपळनेरना पाहुणा येणार शेतस. खरा पोरगीना बाप," नाना म्हणाले. "त्यासले बी मी मोटर शे असंच सांगेल शे."

चुडामणने खिशातली कात्री काढली. "चुकलं असेल तर दुरुस्त करतो नाना. एक कड कापली की झालं."

नानांनी त्याचा हात धरला, गल्लीत दोन्हीकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"कार्डले हात नको लाऊ. लिखेल शे ते खरं शे. तू फक्त बुधवारलोंग मोटर बसाडी दे."