बाल्कनीतलं विमान

चारकोपच्या घरात बाल्कनी हेच माझं ऑफिस. खासगी विमानं भाड्याने देणाऱ्या कंपनीचे फोन मी इथेच घेते, दार ओढून. आज एका बाईंना कॅरिबियन बेटावर जायचं होतं. "विमान रिकामं परत येणार, त्याचेही पैसे आम्हीच द्यायचे?" त्या चिडल्या. मी समजावतेय, तोच आतून कडी लागली. काचेपलीकडे माझी तीन वर्षांची रेवा. कानाला खेळण्यातला फोन, ओठांवर बोट. "कडी काढ गं!" "शूऽ! मीटिंग चालूय." हे माझंच वाक्य. तिच्या मागे गॅसवर दूध वर येत होतं. बाईंना होल्डवर टाकलं आणि काचेपाशी बसले. "हॅलो, रेवा मॅडम? तुमचं विमान तयार आहे. दार उघडता?" तिने विचार केला. "आई येणार विमानात?" "येणार ना." "फोन न घेता?" होल्डवरच्या बाईंसकट फोन कुंडीत ठेवला. तेव्हा कुठे कडी निघाली.