पक्का काळा

सबिहाने साडी तिसऱ्यांदा उन्हात धरली. पुतळाबाईंनी डोळे बारीक करून पदर निरखला आणि मान हलवली.

"निळी दिसते, बाय."

"मावशी, मागच्या वेळी लाल दिसते म्हणालात. लाली घालवली, तर आता निळी?"

सुती कापडाचा काळा असाच छळतो. डब्यावर काळा लिहिलेलं असतं, पण मुळात तो गडद निळाच. त्यात नारिंगी घालून काळा करावा लागतो. कमी पडलं तर निळा, जास्त झालं तर तांबूस. घणसोली गावातल्या आपल्या अरुंद दुकानात सबिहा रोज साड्या, ओढण्या रंगवायची. पण एकाच साडीने एवढं डोकं कधी खाल्लं नव्हतं.

"बाजारात तयार काळ्या साड्या ढिगाने मिळतात," ती वैतागून म्हणाली.

"हीच पायजे. घरात नवी नवरी हाय, तिची पयली संक्रांत. लोक टपलेच हायेत नावं ठेवायला."

"मग जरा नवरीला पण विचारा. तिला चालेल ही."

"तिलाच तर पटत नाय," म्हणत पुतळाबाई पायरी उतरल्या.

सबिहाने पातेलं पुन्हा गॅसवर आदळलं. मीठ, सोडा, रंग. ढवळून ढवळून खांदा भरून आला. स्वतःच्या हट्टाचं खापर बिचाऱ्या सुनेवर! ही सासू त्या पोरीला काय सुखाने नांदू देणार?

साबणाच्या उकळत्या पाण्यातून काढून, पाणी नितळ येईपर्यंत तिने साडी धुतली. वाळली तेव्हा कुठूनही पाहिली तरी काळीच.

भोगीच्या दुपारी पुतळाबाई आल्या त्या मनस्वी नावाच्या एका तरुणीला घेऊन. तिच्या हातात हलव्याच्या दागिन्यांचा डबा होता.

पुतळाबाईंनी साडी उन्हात धरली. पदर उलटसुलट करून पाहिला.

"आता झाली," एवढंच म्हणाल्या. डोळे भरले होते.

सबिहाचा राग मात्र गेला नव्हता. तिने साडी घेतली आणि मनस्वीच्या खांद्यावर टाकली. "घे गं, नवरीबाई. आणि या सासूला जरा ठणकावून सांगत जा."

मनस्वी खळखळून हसली. साडी उचलून तिने पुतळाबाईंच्या खांद्यावर घातली.

"सासू कसली? आजी आहे ही माझी. आणि नवरी पण हीच. मागच्याच महिन्यात मोऱ्यांच्या रामचंद्र आजोबांशी लग्न लावलं आम्ही हिचं."