एका घरात दोन क्वाबेना

रविवारची प्रार्थना सुरू व्हायची होती आणि धाकट्या भावानं बनवलेलं भजनांचं सॉफ्टवेअर कुमासीतल्या आमच्या चर्चच्या संगणकावर चढेना. “‘भजनं’ नावाचं फोल्डर आधीच आहे. पुसून नवं टाकू?” पडदा विचारत होता. जुन्यात वडिलांनी गायलेल्या भजनांची रेकॉर्डिंग होती. ते गेल्यावर त्यांचा तेवढाच आवाज उरलेला. धाकट्याचा हात थबकला. मागून आई हसली. “अरे, तुम्ही दोघं मंगळवारी जन्मलेले, म्हणून आपल्या रीतीनं दोघंही क्वाबेना. मी एकाला हाकललं का? थोरला म्हणून त्याला पान्यिन जोडलं, धाकटा म्हणून तुला कुमा.” त्यानं आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या फोल्डरचं नाव ‘भजनं कुमा’ केलं. “म्हणजे पुन्हा धाकट्यानंच नमतं घ्यायचं!” “सवय आहे तुला,” मी म्हणालो. सॉफ्टवेअर झरझर चढलं. खात्रीसाठी त्यानं जुनं फोल्डर उघडलं. कर्ण्यातून वडील गाऊ लागले आणि नेहमीसारखं मध्येच ओरडले, “क्वाबेना, ढोल घे!” आम्ही दोघंही धावलो.