नमुन्याचं बटण

दुकानात शिरताना धाकटीने घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. हे डोक्यातच ठेवायचं होतं. गिऱ्हाईक बनून तपासणी करणाऱ्या माणसाने दुकानात वही काढली, की पितळ उघडं पडलंच. कंपनीचा नियम एका ओळीचा होता. दुकानदाराने ओळखलं, तर त्या दिवसापासून काम बंद.

दुकान बटणांचं. भिंतभर लाकडी खण आणि प्रत्येक खणावर आतल्या मालातलं एकेक बटण ठोकलेलं. गल्ल्यामागे म्हातारे दुकानदार फोनवर बोलत होते. "हो रे, गर्दी आहे. मान वर करायला उसंत नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुकानात तेव्हा गिऱ्हाइकं तीनच होती, धाकटी धरून.

आठ वर्षं धाकटी एका मोठ्या दुकानात कॅशियर होती. तिथे यंत्रं आली आणि ती घरी आली. घर म्हणजे ताईचं. ताई आणि भावजी दोघंही मनाने चांगली, पण चांगल्या माणसांच्या घरातही फुकटचा घास घशाखाली उतरत नाही. म्हणून तिने हे तपासणीचं काम धरलं. चपलांची दुकानं, बँका, दातांचे दवाखाने. जायचं, बघायचं, घरी येऊन फॉर्म भरायचा.

"बसभाडं जाऊन उरतं काय गं?" ताई विचारायची. "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!"

ताईचं खोटं नव्हतं. बाकीच्या कामांत खरोखरच काही उरत नसे. या एका दुकानाचे मात्र तिप्पट मिळत, तेही दर मंगळवारी. त्यातून महिन्याचं वाणसामान धाकटी आणायची आणि ताईच्या ओट्यावर जरा दणकूनच ठेवायची. हे काम गेलं की पुन्हा मिंधेपणा, आणि त्याची तिला मनापासून धास्ती होती.

पण या कामाला शेंडा ना बुडखा. काचा पुसल्या होत्या का, भाव लिहिले होते का, असले नेहमीचे प्रश्न फॉर्ममध्ये नव्हतेच. दुकानदार उभे होते की बसलेले? हात थरथरत होते का? डबा उघडलेला दिसला का? किती वेळा हसले? आता हसणं मोजायचं कसं? गालातल्या गालात हसले तर अर्धं धरायचं का, असं तिने कंपनीला विचारलं. धरा, असं उत्तर आलं.

'इतर काही दिसल्यास' या रकान्यात ती दर वेळी एकच गोष्ट लिहायची. गल्ल्याखाली भरलेली प्रवासाची बॅग, वर धूळ. त्यावर कंपनीने कधी अवाक्षर काढलं नाही.

आज आणखी एक गोंधळ होता. पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात छत्री होती, आणि बाहेर रणरणतं ऊन. त्याने चार काळी बटणं मागितली आणि घड्याळ पाहिलं. मग दुकानदारांच्या हातांकडे बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. धाकटीने ते हेरलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. हा माणूस आपल्याच धंद्यातला! पण आला कुणाला तपासायला? दुकानदारांना, की आपल्याला?

तो गेला. त्याच्यामागच्या बाई गल्ल्यावर वाकून म्हणाल्या, "सहा पांढरी द्या. आणि डबा खाल्लात का हो?"

बटणं घ्यायला आलेली बाई डब्याची चौकशी कशाला करील? धाकटीचं डोकं भणभणलं.

त्या बाईही गेल्या. धाकटीने पर्समधून नमुन्याचं बटण काढून ठेवलं. दर मंगळवारी ती भावजींच्या शर्टाचं एक बटण कापून आणायची. नमुना जुळवायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात सगळं निरखून होतं. भावजी बिचारे हल्ली छातीवर हात धरूनच ऑफिसला निघत.

दुकानदारांनी चष्मा लावला नाही. एकही खण उघडला नाही. ते हसले. धाकटीने सवयीने मोजलं, एक.

"हे तर मागच्या मंगळवारी तुम्ही माझ्याकडूनच नेलंत."

धाकटीने बटण उचलून निरखलं. ताईने नवी बटणं शिवून टाकली होती आणि तिने घाईत त्यांतलंच एक कापलं होतं!

"तुटलं पुन्हा," ती कशीबशी म्हणाली.

"तुटलं नाही, कात्रीने कापलंय. दोरा बघा, नवाकोरा आहे."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "काका, कुणाला सांगू नका हो," ती म्हणाली. "या एका कामावर मी बहिणीच्या घरात मान वर करून राहते."

दुकानदारांनी गल्ल्यातून घडी घातलेला एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला. तोच फॉर्म. तेच प्रश्न.

"छत्रीवाले दोन वर्षांपूर्वी विसरून गेले," ते म्हणाले. "डबा खाल्ला का, हात थरथरतात का, हसले का. बटणवाल्याची एवढी काळजी कुठली कंपनी करते? हे माझ्या मुलाचं काम. त्याची आई गेली, तेव्हापासून माणसं पाठवतोय. दुकान चालतंय असं वाटलं की बाप जगेल, म्हणून."

"मग तुम्ही त्याला बोलला नाहीत?"

दुकानदार गुडघ्यावर हात टेकून उठले. तिचं बटण त्यांनी कागदाच्या पुडीत बांधलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

"अगं पोरी, मला तर तेव्हाच दुकानाला कुलूप लावून त्याच्याकडे राहायला जायचं होतं. पण मग तुम्हा अकरा जणांचं कसं व्हायचं?"